भाचीला, सगळ्यांदेखत

प्रिय बाळा,

समोर आभार मानायला गेलं की तू "काहीतरीच काय, मावशी" म्हणून उठून जातेस. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर तू टिग नोटारो यांचं आत्मकथन घेऊन आलीस. दर रविवारी इंग्रजी पान हातात धरायचीस आणि थेट मराठीत सांगायचीस, शब्द अडला की खिडकीकडे बघत थांबायचीस. त्या लाल औषधानं माझ्या तोंडाची चव गेली होती, साधी पेजही कडू लागायची. पण तू येणार म्हटलं की मी उशीला टेकून तयार बसायचे.

या अमेरिकन स्टँड-अप कलावतीवर २०१२ या एका वर्षात काय काय कोसळलं! न्यूमोनिया, मग आतड्यांचा गंभीर संसर्ग. आई घरात पडली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. जोडीदाराशी नातं तुटलं. जुलैत दोन्ही स्तनांत कॅन्सर निघाला. आणि ३ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या 'लार्गो'मध्ये मंचावर येऊन ती म्हणाली, "नमस्कार, मला कॅन्सर आहे. कसे आहात सगळे?"

हे वाक्य तू तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलंस. तिसऱ्या वेळी मी इतकी हसले की ऑपरेशनची जागा ओढली गेली.

तोवर आपल्या घरात तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. घरात "ती गाठ", फोनवर "छोटंसं ऑपरेशन". कुणी भेटायला आलं की तुझी आई मला डोळ्यांनीच गप्प करायची. त्यात माया होती, मी जाणते. पण त्या मायेत मी एकटी पडले होते. त्या संध्याकाळी ताईला हाक मारली आणि मोठ्यानं म्हटलं, "ताई, मला कॅन्सर आहे." ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ बसली.

पुस्तकात नोटारोच्या आईच्या मृत्यूचं प्रकरण आलं, तेव्हा तू पुस्तक मिटून विचारलंस, "मावशी, पुढे वाचू?" तुला आजीचे आयसीयूतले दिवस आठवले असणार. मलाही आठवले. माझ्या या आजारपणात औषध, जेवण, पाहुणे, झोप, सगळं माझ्यासाठी दुसरेच ठरवत होते. मला विचारलंस ते तू. मी "वाच" म्हटलं आणि तू एक ओळही गाळली नाहीस. रुग्णालयानं तिच्या गेलेल्या आईच्या नावानंच "आमच्याकडचा अनुभव कसा होता?" असा फॉर्म पाठवला होता, तिथे आपण दोघी हसलो.

दोन्ही स्तन काढल्यावर तिनं पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करून घेतली नाही, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मंचावर शर्ट काढून तिनं उरलेला कार्यक्रम तसाच केला, हे तू अगदी सहज सांगितलंस. ऑपरेशनला तेव्हा तीन महिने झाले होते आणि मी आरशासमोर पाठ करूनच कपडे बदलत होते. त्या रात्री दिवा लावून नीट पाहिलं. डावीकडची आडवी रेघ, काखेपर्यंत गेलेली. बोट फिरवलं. मग शांत झोप लागली.

पुस्तक माझ्या उशाशी आहे, तुझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. दोन प्रकरणं राहिली आहेत. चव परत आली आहे, येत्या रविवारी वालाचं बिरडं करते. लवकर ये.

तुझी,
मावशी