तांदळाच्या पिशवीवरचा कर काढावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिचोलीच्या बाजारात माझे किराणा मालाचे दुकान आहे. सरकारला पैशांची गरज पडली की रोजच्या वापराच्या वस्तूंवर थोडासा कर वाढवावा, तो सगळ्यांकडून मिळतो आणि कोणाला फारसा जाणवत नाही, असे मत अनेक जाणकार मांडतात. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खरा नाही, हे मी रोज गल्ल्यावर बसून पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तांदूळ, पीठ, डाळ यांपैकी फक्त नोंदणीकृत ब्रँडच्या बांधीव मालावर कर होता. १८ जुलै २०२२ पासून हा नियम बदलला आणि २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या प्रत्येक पिशवीवर, मग तिला नावाजलेला ब्रँड असो वा नसो, ५ टक्के कर बसला. सुटा माल करमुक्त राहिला आणि २५ किलोंच्या वरचे पोतेही करमुक्त राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत घाऊक व्यापाऱ्याकडे २६ किलोंची पोती येऊ लागली. एका किलोने कर टळतो, हे गिरण्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्याच्या घरी सहा-सात माणसे आहेत, ज्याच्यापाशी पोते एकदम उचलण्याइतके रोख पैसे आहेत आणि ते ठेवायला कोरडी खोली आहे, त्याला तांदूळ बिनकराचा मिळतो. पाच किलोंची पिशवी नेणाऱ्याला कर भरावा लागतो.

यावर सरकारचे उत्तर असे की गरीब माणूस सुटाच माल घेतो. ज्यांनी गोव्याचा पावसाळा दुकानात काढला आहे त्यांना हे उत्तर पटणार नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पोते फोडले की आठ-दहा दिवसांत उकड्या तांदळाला वास येतो आणि किडे पडतात. मी गेली काही वर्षे पावसाळ्यात पोते फोडणेच बंद केले आहे, कारण खराब झालेला माल शेवटी मलाच फेकावा लागतो. त्या चार महिन्यांत माझ्याकडे पिशवीशिवाय पर्याय नसतो. शिवाय अन्नपदार्थ स्वच्छ, बंद आणि लेबल लावलेले असावेत, असा आग्रह सरकारच धरते. तो योग्यच आहे. पण मग त्याच बंद पिशवीवर कर आणि उघड्या पोत्याला सूट, याची संगती मला आजवर लागलेली नाही.

आमच्या वाड्यावरची एक आजी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे राज्य सरकारच्या मदतीचे, महिन्याचे दोन हजार रुपये बँकेत जमा झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येते. एकटी राहते, घर कौलारू आहे आणि पावसात गळते. पाच किलो उकडे तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, खोबरेलाची लहान बाटली आणि अंगाचा साबण, एवढी तिची यादी. ती पैसे पदराच्या गाठीतून काढून काउंटरवर एक-एक नोट ठेवते आणि प्रत्येक वेळी विचारते, “कितले जाले रे पुता?” त्या पाच किलोंच्या पिशवीत करापोटी साधारण चौदा-पंधरा रुपये जातात. गेल्या श्रावणात ते जुळवण्यासाठी तिने डाळ पाव किलो केली. मी डाळ उधारीच्या वहीत लिहून घ्यायला तयार होतो, पण ती नको म्हणाली.

तिला आपण कर भरतो हे ठाऊकसुद्धा नाही, आणि मला या कराबद्दल सर्वांत जास्त टोचते ते हेच. कारण साधे आहे. माझ्यासारखे कित्येक छोटे दुकानदार नोंदणीच्या मर्यादेखाली आहेत, काही जण कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोयीत, आहेत. आम्ही बिलावर कर वेगळा दाखवू शकत नाही आणि घाऊक व्यापाऱ्याला दिलेल्या कराचा परतावाही आम्हाला मिळत नाही. तो कर आमच्या खरेदीचा खर्च होतो, किमतीत मिसळतो आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून निघून जातो. मोठ्या सुपरमार्केटच्या बिलावर निदान तो छापलेला तरी असतो.

जीवनावश्यक वस्तूवरच्या कराचे काय होते, हे गोव्याने आधीही भोगले आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने आपल्या मिठाचा व्यवहार इंग्रजांच्या ताब्यात गेला. मीठ महागले, मिठागरे ओस पडली. बारा वर्षे अमलात राहून १८९२ मध्ये तो करार संपला. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातच आगर आहे, तरी मिठागराच्या शेजारी राहणाऱ्याला घरच्या पेजेत घालायचे मीठ महागाने विकत घ्यावे लागावे, अशी ती स्थिती होती. आजचा ५ टक्के कर त्या तोडीचा नाही हे मला कबूल आहे. पण ज्याच्याविना ताट वाढता येत नाही त्यावर कर बसवला की तो टाळण्याची सोय गरिबापाशी नसते, एवढी गोष्ट तेव्हाची आणि आजची सारखीच आहे.

सरकारला पैसा लागतो, रस्ते, शाळा, दवाखाने त्यावरच चालतात, हे मी नाकारत नाही. माझा प्रश्न तो कोणाकडून घ्यावा, हा आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी इथेच, पणजीत, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी इतर सवलती न घेणाऱ्या कंपन्यांचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. त्याच दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेची, म्हणजे केंद्र आणि राज्ये मिळून या कराचे दर ठरवतात त्या मंडळाची, बैठक गोव्यात झाली आणि साडेसात हजारांहून महाग हॉटेल खोल्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हॉटेले चालली तर आमच्या मुलांना काम मिळते, म्हणून या सवलतीला माझी हरकत नाही. २०२३ मध्ये कॅसिनोवरचा २८ टक्के कर कोणत्या रकमेवर घ्यावा हा विषय निघाला तेव्हाही, कर पैजेच्या पूर्ण रकमेवर नसावा, गिऱ्हाइकांनी जिंकलेले पैसे वजा जाता उरणाऱ्या महसुलावर असावा, अशी बाजू गोव्याने परिषदेत मांडली. कॅसिनोसाठी बोलता येते तर तांदळासाठीही बोलता येईल.

राज्याच्या स्वतःच्या हातातले कर तर परिषदेला विचारल्याशिवाय कमी होतात. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळपास शून्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर सात-सात रुपये उतरवले. जून २०२४ मध्ये हा कर पुन्हा वाढला. आमची भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून ट्रकने येते, तेव्हा डिझेलवरचा प्रत्येक पैसा टोमॅटो-कांद्याच्या भावात उतरतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पनीर करमुक्त झाले, याबद्दल सरकारचे मनापासून आभार. मात्र पनीर करमुक्त आणि पिशवीतला तांदूळ करपात्र, हे कोड्यात टाकणारे आहे. पनीर माझ्या दुकानात महिन्याला चार पुड्या खपते, तांदूळ रोज.

परिषदेत प्रत्येक राज्याच्या मताचे वजन सारखे असते, म्हणजे गोव्याचे मत उत्तर प्रदेशाच्या मताइतकेच जड आहे. माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत आपल्या राज्याच्या प्रतिनिधीने दहा किलोपर्यंतच्या बांधीव तांदूळ, पीठ आणि डाळीवरचा कर शून्य करण्याचा प्रस्ताव मांडावा, आणि आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात त्यांना तसे करायला सांगावे.

आपला विश्वासू,
एक किराणा दुकानदार, डिचोली