परकीय वनस्पती: आधी अधिवासवार नोंद हवी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कास पठारावरचा फुलांचा हंगाम जवळ आला की परकीय वनस्पतींच्या आक्रमणाची चर्चा सुरू होते आणि घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, झालेच तर पिवळा कॉसमॉस ही सगळी सरसकट उपटून टाकावीत अशी मागणी होते. मागणीमागची तळमळ मान्य आहे; परंतु कोणती वनस्पती कोणत्या अधिवासात, म्हणजे कोणत्या प्रकारच्या जागेत, किती शिरली आहे याची नोंद नसेल, तर उपटण्याच्या मोहिमेचा उपयोग झाला की नाही हेही कळणार नाही.

युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलान खित्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅटलोनिया, झेक प्रजासत्ताक आणि ब्रिटन येथील ५० हजारांहून अधिक नमुना-चौकटींतील (वनस्पती मोजण्यासाठी आखलेल्या जमिनीच्या लहान तुकड्यांतील) नोंदी अधिवासांनुसार ताडून पाहिल्या होत्या. तिन्ही प्रदेशांचे हवामान वेगळे असूनही चित्र बरेचसे सारखे निघाले: नांगरलेली शेते, तुडवल्या जाणाऱ्या जागा, नदीकाठ येथे परकीय वनस्पती अधिक, तर निकस दलदली आणि उंच डोंगरांवरील कुरणे येथे अगदी कमी.

हे वाचताना कासचा विचार मनात येतो. जांभ्या दगडाचा हा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, पावसाळ्यात पाण्याने भरतो, उन्हाळ्यात भाजून निघतो आणि मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम बोटभर असतो. सीतेची आसवे ही इवलीशी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली अन्नद्रव्यांची गरज भागवते, यावरूनच तेथील जमीन किती निकस आहे हे कळावे. हा निकसपणाच सड्याचे कुंपण आहे. रस्त्याच्या भरावासाठी खालून माती आणून टाकली, वाहनतळासाठी कडा उकरल्या, की ते कुंपण आपणच मोडतो. म्हणून लक्ष द्यायचे ते आधी रस्त्याच्या कडेला, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठची जलपर्णी किंवा माणदेशातील वेडी बाभूळ यांची कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे. (गवताळ उतारांना पडीक समजून तेथे मूळ मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प लावायचे आणि दुसरीकडे परकीय वनस्पतींविरुद्ध मोहीम काढायची, हे तर अनाकलनीयच आहे.)

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी सडा, कारवीचे उतार, ओढ्याकाठ, माळ आणि रस्त्याची कड अशा प्रत्येक अधिवासात कायमस्वरूपी चौकटी आखून दरवर्षी त्याच हंगामात नोंदी घ्याव्यात. केवळ नावांची यादी पुरेशी नाही. प्रत्येक जातीने किती जागा व्यापली आहे हे लिहावे आणि जेथे एकही परकीय वनस्पती आढळली नाही, तीही चौकट नोंदवावी. तोपर्यंत वन विभागाने निदान पठारावरील रस्त्याच्या कामात बाहेरची माती वापरू देऊ नये.

आपला,
एक वाचक, सातारा