दुसऱ्या बोलीचा विचार पहिल्या बोलीआधी

नागपूर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

ब्रिजच्या डावातली तू कळवलेली पाने मी टेबलावर मांडून पाहिली. इस्पिकची एकटी पंजी, बदामचे एक्का, गुलाम आणि दोन लहान पाने, चौकटचे राजा, राणी आणि तीन लहान पाने, किलवरचा राजा आणि दोन लहान पाने, असे एकूण १३ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). एक चौकट, म्हणजे चौकट हुकूम ठेवून सहापेक्षा एक ट्रिक (चार पानांची फेरी) जास्त जिंकू अशी बोली, ही तुझी सुरुवात बरोबरच होती. जोडीदाराने एक इस्पिक सांगितल्यावर तू दोन बदाम बोललीस, आणि सारे तिथेच बिघडले.

बोलीच्या क्रमात बदाम चौकटीच्या वरचा असल्यामुळे, जोडीदाराला तुझ्या चौकटीकडे परतायचे तर तिसऱ्या पातळीवर, म्हणजे तीन चौकटवर, चढावे लागते. म्हणूनच ही बोली, जिला आपण रिव्हर्स म्हणतो, साधारण १७ गुणांची ग्वाही देते. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवून दहा गुणांवर तीन नो ट्रम्प (हुकमाविना नऊ ट्रिकची बोली) गाठले, यात त्याचा काहीही दोष नाही. ड्युप्लिकेटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या ब्रिजमध्ये, हीच पाने प्रत्येक टेबलावर जातात; त्यामुळे दोन चौकट करून ९० मिळवणारी प्रत्येक जोडी, दोन ट्रिक कमी पडून १०० गमावणाऱ्या तुमच्या पुढे गेली.

मग काय बोलायचे? दोन चौकट म्हटले तर जोडीदार सहा पाने धरतो आणि तुझ्याकडे पाचच आहेत. एक नो ट्रम्प म्हटले तर इस्पिकची दोन पाने धरतो आणि तुझ्याकडे एकच आहे. मी दोन किलवर म्हणेन. पाने तीनच आहेत हे खरे, पण त्याला चौकट आवडली तर तो दुसऱ्या पातळीवरच परतू शकतो, आणि अशा वेळी परतीची वाट मोकळी असणे मला एका पानापेक्षा मोलाचे वाटते. अनुभवी खेळाडूंत याबद्दल एकमत नाही, हेही तुला ठाऊक असावे.

लहानपणी सुट्टीत मेंढीकोट खेळताना एखाद्या रंगाचे पान हाती नसले की तू खूश व्हायचीस, कारण हुकूम उघडायची संधी मिळे. ब्रिजमध्ये तो आनंद जोडीदाराशी रंग जुळल्यावरच करावा. त्याने इस्पिकऐवजी बदाम सांगितले असते, तर त्याच एकट्या पंजीचे तीन गुण वाढून तुझा हात १६चा झाला असता आणि तू निःशंकपणे तीन बदाम म्हणू शकली असतीस. इस्पिकच्या बोलीनंतर मात्र तिची काहीच किंमत उरली नाही.

हे प्रसंग विरळ नाहीत. हातातली तेरा पाने चार रंगांत ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ अशी पडणे, या तिन्ही समतोल वाटण्या मिळून साधारण ४८ टक्केच येतात; बाकीचे हात असेच विषम असतात. तेव्हा पहिली बोली करण्यापूर्वीच जोडीदाराच्या प्रत्येक संभाव्य उत्तरावर आपण काय म्हणू, हे मनाशी ठरवून ठेवत जा.

तीन पानांवर किलवरची बोली चालेल की नाही, हे जोडीदाराशी बोलून ठरव. ठरले तर ते कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीचे संकेत लिहायच्या कार्डावर) लिही, कारण तुमचा संकेत जाणून घेण्याचा समोरच्या जोडीलाही हक्क आहे.

तुझी आई