उंबराचं फूल

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की चिऊसाठी वर्षभराचं सायन्सचं अ‍ॅप घेतोयस. घे, माझी काही हरकत नाही, पण मे महिन्यात इथे काय काय झालं ते तुला नीट माहीतच नाहीये, तू सारखा लॅपटॉपवर होतास, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपल्या बिल्डिंगमागे नाल्याच्या कडेला तो उंबर आहे ना, तिथे आम्ही दोघं रोज सकाळी जायचो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, आजोबा याची फुलं कुठायत? उत्तर अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, पण म्हटलं चल शोधूया. चार दिवस मान वर करून फांद्या बघत होती बिचारी, फूल काही सापडेना. पाचव्या दिवशी एक हिरवं उंबर घरी आणलं, सुरीने उभं कापलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. आत सगळ्या भिंतीला दाटीवाटीने बारीक बारीक तुरे. बराच वेळ काही बोललीच नाही, मग हळूच म्हणाली, ही फुलं आहेत?? आपण जन्मभर उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट म्हणत आलो आणि ती शेकड्यांनी आतच बसलेली असतात.

पुढचं सगळं तिचंच डोकं. पिकायला आलेलं उंबर तिने बरणीत ठेवलं, वर मलमलचं फडकं बांधलं. सकाळी फळाला भोक आणि बरणीत काळपट, पंखवाले, जेमतेम दोन मिलिमीटरचे कीटक, गांधीलमाशीच्याच कुळातले. फळ फोडलं तर आत फिकट, बिनपंखाचे. हे का नाही बाहेर आले, यावर दोन दिवस चर्चा. ते नर, आतून भोक पाडून माद्यांना वाट करून देतात आणि स्वतः तिथेच मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या कोवळ्या उंबरात शिरतात, आणि ते दार इतकं अरुंद की शिरताना पंख तुटतात. हे मी सांगितलं खरं, पण कोवळ्या उंबराच्या तोंडाशी अडकलेला पंखाचा तुकडा तिने स्वतः भिंगातून शोधून मला दाखवला. त्या वेळचा तिचा चेहरा तू बघायला हवा होतास रे.

1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबादकडच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये हेच सुरू झालं होतं, तयार उत्तर द्यायचं नाही, मुलांनी आसपासच्या वस्तू घेऊन स्वतः करून बघायचं. आपल्या पुण्यातल्या आयुकात, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवायचे ते अरविंद गुप्ता, त्यांनीसुद्धा होशंगाबादला काम केलंय. मला हे तेव्हा कळलं असतं तर फार बरं झालं असतं. तू सहा-सात वर्षांचा असताना पर्वतीच्या वाटेवर असंच एक उंबर उघडून, बाबा आत किडे आहेत म्हणून दाखवायला आला होतास. मी म्हटलं फेक ते, घाण असतं. तू फेकलंस, आणि परत कधी काही दाखवायला आणलं नाहीस. हे अजून मनात टोचतं माझ्या.

बंगळूरला उंबराला अत्ती म्हणतात, सोसायटीच्या माळ्याला विचार, जवळ कुठेतरी असेलच. भिंग तिच्या बॅगेच्या साइडच्या कप्प्यात ठेवलंय. बरणीला मलमल दुपदरी बांध, आणि बघून झालं की झाडाखाली नेऊन सोडायला सांग, एखाद-दोन दिवसाचंच आयुष्य असतं त्यांचं.

तुझे,
बाबा