आबा, पुढं मीच होतो

तीर्थरूप आबा आणि आजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घराला पत्ता नाही. टपाल खालच्या गावापर्यंतच येतं आणि राजगड-तोरण्यामधल्या तुमच्या डोंगरधारेवर फोन लागत नाही. त्यामुळे हे पत्र उघडंच लिहितोय. नात दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की कुणाच्या तरी फोनमध्ये उतरवून आणून वाचून दाखवील. उघडं लिहिण्याचं दुसरंही एक कारण आहे. यातला काही मजकूर तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या चार सोबत्यांना अजून ठाऊक नाही.

आम्ही कोण ते आधी सांगतो, कारण धारेवरून वर्षभरात पुष्कळ माणसं जातात. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी दिवस कलताना जी पाच जणं तुमच्या म्हशींच्या वाटेत आडवी आली, ती आम्ही. तीन पुरुष, दोन बायका, सगळे चाळिशीतले. अंगावर पोपटी-केशरी कपडे आणि पाठीवर नळीनं पाणी प्यायच्या पिशव्या. त्या पिशव्या रिकाम्या होत्या. तुम्ही आमच्याकडं पाहून पहिलं वाक्य बोललात ते असं: "काय वाघ लागला व्हता का मागं?"

वाघ नव्हता, आबा. आम्ही पळतो ते असंच. पुण्यात मंगळवारी उजाडायच्या आत वेताळ टेकडी, गुरुवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या दहादा वरखाली, शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड. गडावर मडक्यातलं दही खायचं आणि उतरताना ते पोटात डुचमळतं म्हणून एकमेकांवर खेकसायचं. कधी चांदण्या रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापासून निघून टेकड्यांमागून टेकड्या मोजत सिंहगडचा रस्ता गाठायचा. डिसेंबरात सिंहगड, राजगड, तोरणा अशी लांब पल्ल्याची शर्यत असते. तिच्यासाठी दसऱ्यापासून आमचा प्रत्येक शनिवार-रविवार डोंगरातच जातो. घरचे याला 'शरदाचा ताप' म्हणतात.

पण शरदातच डोंगर पळण्याजोगा होतो, हेही खरं. श्रावणात शेवाळावर पाय ठरत नाही आणि मार्चात कातळ पोळतो. मधले हे दोन-अडीच महिने आमचे. सोनकी पिवळी होऊन वाळायला लागलेली असते, सकाळी गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं साठलेलं असतं आणि खाली खाचरात भात कापून आडवं टाकलेलं दिसतं. गवत कमरेइतकं वाढून सोनेरी झालेलं असतं. कुसळं मोज्यात अशी घुसतात की रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून चिमट्यानं काढावी लागतात. त्या गवताचा उन्हात एक भाजल्यासारखा वास येतो. त्या वासासाठी मी ऑफिसातल्या दोन बढत्या घालवल्या असं माझी बायको म्हणते. एकच घालवली आहे.

आता त्या दिवसाचं. राजगडावरून तोरण्याला पळत जायचं होतं. पहाटे पाचला पुणं सोडायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला. एकाच्या घरी पाहुणे, दुसऱ्याची गाडी पंक्चर, आणि मग वाटेत मिसळ. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चोरदरवाज्यानं पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. राजगडावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात राजगड आहे, तेव्हापासून तर काही विचारू नका. तोरणा त्या बारांत नाही. म्हणून संजीवनी माचीच्या टोकाशी गेलं, अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की एकदम शुकशुकाट होतो. शाळेत शिकलो त्याप्रमाणे महाराजांनी १६४६ साली पहिल्यांदा घेतलेला गड तोरणाच, आणि कळसूबाईची उंचीही १६४६ मीटर. हा आकडा आमच्यात दर फेरीला कुणीतरी सांगतंच आणि बाकीचे दर फेरीला कण्हतात.

संजीवनीची तटबंदी संपेपर्यंत अडीच वाजले. ऊन रणरणत होतं. पद्मावतीवर पाणी भरून घ्यायचं राहिलं, कारण उशीर झाला होता आणि घड्याळ मला दर मिनिटाला सांगत होतं की आपण मागे पडतोय. खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो तेव्हा माझ्याकडे दोन घोट पाणी होतं आणि पुढं सगळी तोरण्याची धार.

पुढं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. आम्ही धार सोडून डावीकडच्या ढोरवाटेला लागलो. ती सपाट होती, मऊ मातीची होती, पळायला झकास. वीस मिनिटांनी ती उताराला लागली, मग रानात शिरली आणि मग संपली. परत वर यायचं तर घसाऱ्यावरून. तिथं आमची डॉक्टर मैत्रीण, पाचांत सगळ्यात तरबेज, निसटली. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांना चढापेक्षा जास्त मार बसतो आणि ते थकले की पाय ठेवायचा तिथं न पडता पडेल तिथं पडतो. हे तिनंच आम्हाला शंभरदा समजावलं होतं. पाय मुरगळल्याचा आवाज मला चार पावलांवरून ऐकू आला. ती ओरडली नाही. "तुटलंय बहुतेक," एवढंच म्हणाली आणि बसली. तेवढ्यात दुसऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. साडेचार वाजले होते. पाच माणसांत हेडलॅम्प दोन.

आणि वरून घंटा ऐकू आली, म्हशीच्या गळ्यातली.

आबा, तुम्ही आम्हाला जे रागावलात त्यासाठी मी पहिले आभार मानतो. माझ्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर मला असं कुणी झापलं नव्हतं. पाणी किती आणलं, निघाला किती वाजता, घरी सांगून आलात का, दिवस कधी मावळतो ठावं हाय का. मी एका कंपनीत चाळीस लोकांना सूचना देतो. तुमच्यापुढं मान खाली घालून उभा होतो. रागावता रागावताच तुम्ही खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला होतात. मी तिच्या बुटाची नाडी सोडायला गेलो तर हात झटकलात. "बूट काढू नगं. सुजला की परत जायचा न्हाय आत." डोक्याचं मुंडासं सोडून बुटावरूनच घोट्याला आठ आकड्यासारखं आवळलंत. आमची डॉक्टर त्या कळांतही तुमचं बांधणं निरखत होती. नंतर म्हणाली, आम्हाला कॉलेजात असंच शिकवलंय, फक्त यांचं जास्त घट्ट होतं.

तुमच्या घरापर्यंत तिला आम्ही दोघांनी खांदा देऊन आणलं. शेणानं सारवलेली ओटी अजून डोळ्यांपुढं आहे. आजींनी आधी काही विचारलंच नाही, ताकाचं मडकं पुढ्यात ठेवलं. मीठ हातावर दिलं. आमच्या गोळेवाल्या गड्यानं सहा पेले ताक प्यायलं. आम्ही पिशवीतून आणलेल्या खारवलेल्या गोड जेलच्या पुड्या तशाच राहिल्या. त्यातली एक आजींनी चाखून पाहिली आणि थुंकली. ते योग्यच होतं.

मग तुम्ही आढ्याला खोचलेला दांडा काढलात.

मला वाटलं होतं, झोळी करायची म्हणजे शोधाशोध होईल, लाकूड तोडावं लागेल. पण दांडा तयार होता, घोंगडीही ठरलेली होती, आणि तुमच्या दोन्ही मुलांना कोण पुढं, कोण मागं हे विचारावं लागलं नाही. खिंडीकडं उतरताना मीही काही वेळ खांदा दिला. अंधारात दांड्यावर हात ठेवला तर दोन्ही टोकांना तो गुळगुळीत लागला, मुसळ हातानं घासून होतं तसा. मी विचारलं, हा कशाचा? तुम्ही म्हणालात, "ह्येच्यासाठीच हाय. आमचं माणूस आजारी पडलं की असंच न्यायाचं. सुनंला बी ह्येच्यातनंच नेली व्हती. ही पोरगी वाटंतच झाली." आणि बॅटरी घेऊन झोळीच्या पुढं चपलांवर पळणाऱ्या नातीकडं हात केलात.

यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. मी आजही काही बोलू शकत नाही. एवढंच सांगतो की आम्ही ज्या वाटेवर गंमत म्हणून वेळ मोजत होतो, तिच्यावर तुम्ही दर पावसाळ्यात माणसं वाहून नेता, हे मला त्याआधी सुचलंही नव्हतं. मी त्या धारेवरून त्याआधी सात वेळा गेलो होतो. सातही वेळा तुमच्या घरावरून गेलो असणार.

खिंडीत पोचायला पावणेदोन तास लागले. दूधगाडीवाल्याला तुम्ही थांबवून ठेवलं होतंत, ते नेमकं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. पुण्यात एक्स-रे काढला. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे प्लास्टर, डिसेंबरची शर्यत बुडाली. फेब्रुवारीत ती चालायला लागली, जूनमध्ये पळायला. आता पुन्हा आमच्या पुढं असते.

पैशांचंही लिहितो, कारण त्यावरून आमच्यात अजून वाद आहे. तुम्ही घेणार नाही म्हणालात, "पाव्हण्याकडनं कसलं पैसं," तेव्हा आमच्यातल्या एकानं ताकाच्या मडक्याखाली दोन हजार रुपये सरकवले. पंधरा दिवसांनी दूधगाडीवाल्याचा फोन आला. पुण्याला येतोय, तुमचं सामान आहे म्हणाला. सामान म्हणजे आमची विसरलेली बाटली, आत गुंडाळलेल्या नोटा, आणि वर अर्धा किलो लोणी. लोण्याची परतफेड कशी करायची यावर आमच्या पाच जणांत तीन मतं आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ओटीवर बसलो असताना तुम्ही विचारलंत, "धार सोडून खाली कशापायी आला? फाट्यावर खूण हाय की." मी म्हणालो, खूण दिसलीच नाही, घड्याळातल्या नकाशानं चुकवलं. बाकीचे माना डोलावत होते, कारण त्यांना मी तसंच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्या सोता रचलीया ती. औंदाच." आणि मग तुम्ही माझ्या बुटांकडं पाहिलंत. निळे बूट, तळाला बाणाच्या टोकांसारखी नक्षी. तुम्ही म्हशींमागं त्याच फाट्यावरून आला होतात. धुळीत पुढच्या माणसाचा ठसा तुम्हाला दिसला असणार, आणि तो त्या रचलेल्या दगडांपासून हातभर अंतरावर थांबलेलाही दिसला असणार.

मी थांबलो होतो, आबा. खूण मला दिसली होती. चार दगडांची, वर एक चपटा. उजवीकडची वाट चढाची होती आणि डावीकडची सपाट. घड्याळातला सरासरी वेगाचा आकडा घसरत होता. मी मागं वळून पाहिलं, चौघं अजून वळणाच्या पलीकडं होते, आणि मी डावीकडं वळलो. वाटलं, पुढं कुठंतरी मिळेलच धारेला. नकाशा बरोबर होता. तो वाट चुकलास म्हणून दोनदा थरथरला, मी आवाज बंद केला.

तुम्ही ते ओळखलंत आणि माझ्या सोबत्यांसमोर बोलला नाहीत. "व्हतंय कधी कधी," म्हणालात आणि आजींना भाकरी टाकायला सांगितलीत. बाकीच्या सगळ्या मदतीचे आभार आम्ही पाचही जण मानतो. या एका गोष्टीचे मी एकट्यानं मानायचे आहेत. वर्षभर मी ते नकाशाचं खोटं वागवतोय. तिच्या प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या, तेव्हा मीही केली.

हे पत्र चौघांनी वाचलं की काय होईल ते होईल. डॉक्टरीणबाई काय म्हणतील याचा थोडा अंदाज आहे. त्या तुमच्याइतक्या मोजक्या शब्दांत बोलत नाहीत.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही येतोय. या वेळी पुण्यातून चारला निघू, माणशी तीन लिटर पाणी असेल, हेडलॅम्प पाच. आजींच्या गुडघ्यांसाठी मलम आणि तुमच्या बॅटरीचे सेल आणतोय. पैसे आणत नाही. तुमचं मुंडासं धुऊन, घडी करून माझ्या कपाटात आहे. त्यातली कुसळं मी काढली, पण दोन-तीन विणीत अशी अडकली आहेत की निघाली नाहीत. फाट्यावरच्या खुणेचे दगड पावसात ढासळले असतील तर तसेच ठेवा, मी आल्यावर रचतो.

आपला,
निळ्या बुटांचा