तलावांभोवती ना-विकास पट्टा हवा

महोदय,
23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. तरीही नागपुरात नाल्यांच्या काठावर मुरूम-मलबा टाकणे थांबलेले नाही. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार अशा जागेच्या पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव त्यातून वगळले आहेत. आपले अंबाझरी, गोरेवाडा हे तलावही असेच मानवनिर्मित, म्हणून त्यांना हे संरक्षण नाही. हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांना हा फरक कुणी कळवलेला नसावा! विकास आराखड्यातच तलाव आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांभोवती बांधकामास मनाई असलेला ना-विकास पट्टा आखावा आणि त्याच्या हद्दीवर दगड रोवावेत, तेही पुढच्या पावसाळ्याआधी.

— एक वाचक, नागपूर