साहेब, आमची शुगर मोजता तसा आमचा श्वासपण मोजा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी सोलापूरचा, विडी घरकुल भागात राहतो. आई विड्या वळते, वडील, म्हणजे आमचे अण्णा, पॉवरलूमवर होते आणि सोळाव्या वर्षापासून विडी ओढायचे, दिवसाला दोन बंडलं कधी तीन.

आमच्याकडं जानेवारीत गड्डा असतो, सिद्धेश्वर महाराजांची यात्रा. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, शहरातल्या 68 लिंगांना जातात तेव्हा अण्णा दरवर्षी मागनं अनवाणी पूर्ण फेरी चालायचे. मग एका वर्षी अर्ध्यातनं घरी आले, म्हणाले पाय दुखतायत. पुढच्या वर्षी नुसतं कोपऱ्यावर उभं राहून हात जोडले. आम्ही सगळे म्हणालो वय झालं. 54 वय होतं साहेब, 54 ला कुठं वय होतं.

खोकला तर आधीपासून होताच, पण विडी ओढणारा माणूस सकाळी खोकणारच असं आमच्या गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. जवळच्या दवाखान्यात तीन वर्षं खोकल्याच्या बाटल्या मिळाल्या, दोनदा थुंकी तपासली, टीबी नाही म्हणाले, झालं, चला घरी. श्वास मोजायला हवा असं एकदाही कुणी बोललं नाही आणि मी त्या डॉक्टरांना दोष पण देत नाही कारण तिथं मोजायला मशीनच नव्हतं.

शेवटी प्रायव्हेटला नेलं. तोंडात पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा, आणि ती टेस्ट करणारी ताई ओरडतीय फुंका फुंका फुंका, अजून अजून, सोडू नका. अण्णांच्या मानेच्या शिरा टम्म फुगल्या, डोळ्यात पाणी आलं, आणि स्क्रीनवरची रेघ थोडी वर जाऊन तिथंच आडवी झाली. एका दमात जेवढी हवा बाहेर टाकतो त्यातली साधारण 70 टक्के तरी पहिल्या सेकंदात निघायला पाहिजे, अण्णांची निम्मी पण निघत नव्हती. सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसातल्या नळ्या अरुंद होऊन हवा नीट बाहेर न पडण्याचा कायमचा आजार. तेव्हा पहिल्यांदा हा शब्द आमच्या घरात आला.

त्यानंतर मी जेवढं मिळेल तेवढं वाचलं. एक गोष्ट मला आधीपासून छळत होती. माझे चुलते पण तेवढीच विडी ओढायचे आणि सत्तरीत सायकलवर मार्केट यार्डाला जायचे, अण्णा नेहमी त्यांचंच उदाहरण द्यायचे, बघ त्याला काय झालंय का, मला पण काय न्हाय होत बे. तर याचं उत्तर 1977 सालीच मिळालेलं आहे. फ्लेचर आणि पेटो या दोन संशोधकांनी लंडनमधल्या 792 कामगार माणसांची फुफ्फुसं आठ वर्षं परत परत मोजली. त्यातनं कळलं की सिगारेट ओढणाऱ्या सगळ्यांचं फुफ्फुस सारख्या स्पीडनं खाली येत नाही, काहींचं हळू, काहींचं झपाट्यानं, आणि झपाट्यानं उतरणाऱ्यातल्या बहुतेकांना ते धाप लागेपर्यंत कळतच नाही. म्हणजे चुलते कोण आणि अण्णा कोण हे तोंडाकडं बघून सांगता येत नाही, मोजल्याशिवाय इलाजच नाही. आणि गेलेलं परत येत नाही पण ओढणं सोडलं की पुढची उतरण जवळपास न ओढणाऱ्या माणसाएवढी होते, हे पण त्याच अभ्यासात दिसलं.

मग अमेरिका आणि कॅनडात 5,887 सिगारेट ओढणारे घेऊन लंग हेल्थ स्टडी झाला, 35 ते 60 वयाचे, या आजाराची नुकतीच सुरुवात झालेले. 11 वर्षांनी हिशोब काढला तर ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला 66 मिली कमी होत होती आणि सोडलेल्यांची 30 मिली. 36 मिलीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण 14 वर्षं धरा, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी होते. अण्णांकडं आज ती अर्धा लिटर असती तर ते नंदीध्वजामागं चालले असते.

आणि या आजाराची सुरुवात होते कुठं तर फुफ्फुसातल्या 2 मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांत, त्यातल्या कितीतरी बंद पडून नाहीशा होतात तरी माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून एकदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडून द्यायचं नाही, वर्षावर्षाला मोजायचं.

आता आमच्या आशाताई घरोघरी येऊन शुगर, बीपी, तोंडाचा कॅन्सर विचारतात, खूप चांगलं काम आहे. त्याच वेळी जिना चढताना धाप लागते का आणि किती वर्षं ओढता हे पण नीट विचारलं पाहिजे, आणि हो म्हणणाऱ्याला जवळच्याच दवाखान्यात फुंकायला मशीन पाहिजे. मशीन नुसतं पाठवू नका, ते चालवायला शिकलेलं माणूस द्या, नाहीतर कपाटात जाईल.

रिपोर्ट देताना फुफ्फुसाचं वय सांगा. इंग्लंडमध्ये 561 जणांवर हे करून बघितलंय, 2008 साली छापून आलंय. ज्यांना तुमचं फुफ्फुस अमुक वयाच्या माणसाचं झालंय असं समजावून सांगितलं त्यातल्या 13.6 टक्के लोकांनी वर्षभरात सिगारेट सोडली आणि ज्यांना नुसता आकडा दिला त्यातल्या 6.4 टक्क्यांनी. खर्च काय, दोन वाक्यांचा. अण्णांना 40 व्या वर्षी कुणी सांगितलं असतं की तुझं फुफ्फुस 60 चं आहे तर, मी त्यांना ओळखतो, त्यांनी बंडल तिथंच टाकलं असतं.

आणखी एक, हे सगळे अभ्यास सिगारेटवाल्यांचे आहेत. विडीचं वेगळं असतं साहेब, पाल्यातनं हवा कमी शिरते, सारखी ओढत राहावी लागते नाहीतर विझते, म्हणून तंबाखू कमी असून पण धूर खोल जातो. आणि वळणाऱ्या बायका, माझी आई, आयुष्यात एक विडी ओढली नाही पण मांडीवर सूप घेऊन दिवसभर जर्द्याची धूळ घेते, लग्नानंतर कित्येक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, आता तिचा पण खोकला जात नाही. मी विडी कारखाने बंद करा म्हणत नाहीये, त्यावरच आमची घरं चालतात. आमच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजला पैसे आणि माणसं द्या, आमच्या भागातली विडी ओढणारी आणि वळणारी माणसं दहा वर्षं मोजू द्या, लंडनच्या कामगारांचं झालं तसं आमचं पण होऊ द्या.

सोडायला मदत पण तिथंच द्या. 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, आमच्या गल्लीत मी विचारलं तर एकालाही माहीत नव्हता. 2020 ला राज्यानं सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली, टपरीवर अजून सुटी मिळते.

अण्णांनी सोडून दोन वर्षं झाली, इन्हेलर चालू आहे, कन्ना चौकापर्यंत चालतात, मध्ये दोनदा थांबतात.

सुरुवात आमच्या एका दवाखान्यापासून करा. मशीन आलं की पहिल्या आठवड्यात पन्नास माणसं मी आणि गल्लीतली पोरं घेऊन येतो, नावं लिहायला वही पण आमचीच.

आपला,
विडी घरकुल, सोलापूर इथला एक मुलगा